नंतर भरू

३ जानेवारी

पेन्सिल,

परवा फोनवर मी ओरडलो, तू फोन ठेवलास आणि मग निरोप पाठवलास की कॉम्प्युटरबद्दल यापुढे जे काय असेल ते लिहून पाठव, कागदावर तुला रागवायला वेळ लागतो. कबूल. लागतोय वेळ. दुकानातलं एकुलतं एक चालू पेन मालकांच्या खिशाला असतं, आणि ते मागितलं की मालक विचारतात, बिल करायचंय की कविता?

बिल, असं सांगितलं.

वाद एवढाच होता की तू तयार मशीन घ्यायला निघाली होतीस. तुझ्या बजेटात मिळणारी तयार मशीनं मी रोज उघडून बघतो. बाहेर काच, आत रंगीत दिवे, आणि तळाशी कुणाचंही नाव नसलेला एसएमपीएस. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना बेताबेताने वाढणारा डबा. तो फालतू असला की जळतो, आणि जळताना एकटा जळत नाही, घरादाराला घेऊन जातो. म्हणून म्हणतोय, सुटे भाग घे. मी इथे निवडतो, तपासतो आणि एकेक खोका पार्सलने पाठवतो. खोक्यात पत्र असेल. जोडणं अवघड नाही. कॉलेजात तू माझी जर्नलं पूर्ण करायचीस आणि मी तुझा लॅपटॉप उघडून बसायचो. आता तू उघडून बस, मी लिहितो.

प्रोसेसर मधल्या दर्जाचा घेऊ, ज्याच्या पोटातच पडद्यावर चित्र दाखवायची सोय आहे तो. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड आज नको. तुझं काम कपाटांची, टेबलांची खरी वाटतील अशी चित्रं करून गिऱ्हाइकाला दाखवायचं, आणि तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये ते ओझं प्रोसेसरच उचलतो, हे मी बघून घेतलंय. बोर्ड साधा, रॅमला दोन जागा असलेला. रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्या. सोळाची एक नको. दोन पट्ट्या जोडीने लागल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. एकटी पट्टी कितीही मोठी असली तरी वाट एकच. साठवायला एसएसडी. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, तिथे काटकसर चालणार नाही. आणि कॅबिनेट काळं, पत्र्याचं, दिवे नसलेलं.

दिवे हवे असतील तर सांग. दुसऱ्या कुणी मागितले तर मी त्याच्याशी भांडतो, पण तुला हवे असतील तर लावतो.

फ्यूज

*

११ जानेवारी

फ्यूज,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे. ‘पोटातच’ हा शब्द आईकडून वाचून घेतला, ती औषधांच्या दुकानात काम करते, तिला डॉक्टरांचं अक्षर लागतं.

तयार मशीन घेत नाही. सुटे भागच घेऊ. तू जिंकलास, आता फोनवरचं विसर.

दोन बदल आहेत. कॅबिनेट पाठवू नकोस. मी कारखान्यात ‘कॅबिनेट मागवायचंय’ असं म्हटलं तर सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, कारण इथे दिवसभर कॅबिनेटंच बनतात. कसलं कॅबिनेट ते समजावून सांगेपर्यंत एकाने टेप काढून मला विचारलंसुद्धा, उंची किती? हा आमच्याकडचा सुतार. त्याला सगळे गुण्या म्हणतात, कारण काटकोन तपासायचा तो लोखंडी गुण्या कायम त्याच्या खिशात असतो आणि कोपरा दिसला की तो लावून बघतो. एकदा माझ्या वहीला लावला होता. म्हणाला, वहीसुद्धा तिरकीच मिळाली का तुम्हाला. तर तो म्हणतो, पत्र्याचा डबा तो काय, लाकडात करू. उरलेल्या फळ्या पडून आहेतच. कॅबिनेटचे जे वाचतील ते एसएसडीत घाल, मोठी घे.

दुसरा बदल रॅमचा. आठ-आठच्या दोन घेतल्या की दोन्ही जागा आजच अडल्या. उद्या वाढवायची म्हटलं तर दोन्ही उपटून फेकायच्या. त्यापेक्षा सोळाची एकच घे. थोडं हळू चाललं तर चालू दे. दुसरी जागा रिकामी ठेव. ती नंतर भरू.

परीक्षेचा फॉर्म भरलास का? तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांशी भांडून जो उठून गेलास तो परत फिरकलाच नाहीस. मध्ये सोडलेल्यांना पुन्हा बसता येतं, मी कॉलेजच्या ऑफिसात चौकशी केली आहे.

दिवे नकोत.

पेन्सिल

*

१९ जानेवारी

पेन्सिल,

लाकूड? हा शब्द मी दुकानात इतक्या मोठ्याने म्हणालो की पेन ड्राइव्ह घ्यायला आलेला माणूस तो न घेताच निघून गेला.

कॉम्प्युटर ही आतून तापणारी वस्तू आहे. पत्रा धग बाहेर टाकतो, लाकूड ती पोटाशी धरून बसतं. समोरून गार हवा आत आणि मागून गरम बाहेर, अशी मोकळी वाट लागते. बोर्ड कशावरही आडवा टाकून चालत नाही, त्याला छोट्या पितळी पायांवर उभा करावा लागतो. आणि तुझा हा माणूस करतो कपाटं. कपाटाचं कामच मुळी दार लावून घेणं. शिवाय मला कळत नाही, जो लोकांच्या वह्यांचे कोपरे तपासत फिरतो त्याला कारखान्यात दुसरं काम नसतं का?

वरचं सगळं काल लिहिलं. फाडणार होतो, पण कागद मालकांचा आहे.

आज जरा शांतपणे. होईल लाकडात. मालक म्हणाले, पूर्वीचे रेडिओ लाकडाचेच होते की, आणि आतून चांगले तापायचे. त्यावर मी अजून चिडलो, आणि चिडून झाल्यावर पटलं. बोर्ड आला की तो तपकिरी कागदावर ठेवतो, कडेने पेन्सिल फिरवतो, स्क्रूची भोकं दाखवतो आणि तो खाका पाठवतो. तुझ्या सुताराला सांग, खाक्यावर विश्वास ठेव, खिशातल्या लोखंडावर नको.

रॅमबद्दल. माझ्या मते तू म्हणतेस ते चूक आहे. गिऱ्हाईक असतं तर मी हुज्जत घालून त्याला दोनच घ्यायला लावल्या असत्या. पण तू लिहिलंयस, ती नंतर भरू.

बरं. नंतर भरू.

त्या सरांचं आता शेवटचं सांगतो. त्यांनी मेलेला म्हणून टेबलावर ठेवलेला बोर्ड मी चालू करून दाखवला. तर म्हणाले, प्रश्न तो नव्हता. मग कोणता होता ते त्यांनाच विचार.

फ्यूज

*

२७ जानेवारी

फ्यूज,

काय विचारायचं ते मी विसरू नये म्हणून गुण्याने माझ्या शेजारी उभं राहून प्रश्न सांगितले आहेत. पंख्याचा व्यास किती? हवा खालून घेतली तर चालेल का, की समोरूनच हवी? बोर्डाच्या मागे तारा जायला किती जागा सोडायची? आणि पितळी पाय तू देणार की त्याने करायचे?

तुझं पत्र मी त्याला थोडंसं वाचून दाखवलं, कपाटाचं काम दार लावून घेणं इथपर्यंत. हसला नाही. म्हणाला, बरोबर बोलतोय, म्हणून मी दार करणारच नव्हतो. समोर पट्ट्यांची जाळी करतोय, धूळ पुसायला निघेल अशी.

कामं त्याला भरपूर असतात. हे तो जेवणाच्या सुट्टीत करतो.

माझाही एक प्रश्न. पंखा आवाज करतो का? मशीन माझ्या टेबलाशेजारी राहणार आहे आणि गिऱ्हाइकं समोर बसतात. करवतीचा आवाज त्यांना चालतो, पण कॉम्प्युटर घरघरला की त्यांना वाटतं, तो बिघडलाय आणि हिशेबात गडबड होणार.

फॉर्मचं उत्तर तू सरांच्या गोष्टीने दिलंस. फॉर्म भरलास का, असं मी विचारलं होतं.

पेन्सिल

*

६ फेब्रुवारी

पेन्सिल,

या मोठ्या खोक्यात बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅम आहे. पितळी पाय छोट्या पिशवीत आहेत, हरवू नका. एसएसडी आणि एसएमपीएस पुढच्या खोक्यात. तपकिरी कागद गुंडाळून बाजूला खोचलाय, त्यावर सगळी मापं, पंख्याचा व्यास, तारांची जागा, सगळं लिहिलंय. हवा खालून चालेल, पण मग डब्याला पाय उंच हवेत.

पंखा मी सर्वात शांत निवडला. दुकानातले सगळे पंखे आळीपाळीने लावून कानाशी धरले. एका बाईंनी मालकांना विचारलं, हा मुलगा काय ऐकतोय? मालक म्हणाले, त्याला त्यातून गाणी ऐकू येतात.

रॅमच्या पट्ट्या एका पाकिटात दोन येतात, जुळ्या. एक कंपनी, एक वेग, एकाच घाण्यातल्या. त्यातली एक तुला पाठवली आहे. दुसरी मी माझ्या खणात ठेवली, कारण पुढे ती जागा भरायची म्हटली की हीच लागेल. वेगळ्या घाण्यातली पट्टी शेजारी बसवली तर कधी मुकाट चालते, कधी अडून बसते. मालक म्हणाले, जुळ्यांची ताटातूट कशाला केलीस? मी म्हटलं, दुसरीला गिऱ्हाईक येणार आहे. म्हणाले, गिऱ्हाईक येणार आहे की तू जाणार आहेस?

म्हणून विचारतो. येऊ का? जोडायला. एका दिवसाचं काम आहे. सकाळी येईन, जोडून, चालू करून निघेन. लाकडी डबाही बघून होईल. मी काही बोलणार नाही त्याच्याबद्दल. फार तर एखादं वाक्य.

फ्यूज

*

१५ फेब्रुवारी

फ्यूज,

दोन्ही खोके पोचले. काही फुटलेलं नाही. पितळी पाय हरवलेले नाहीत, तुझी सूचना वाचायच्या आधीच गुण्याने ते मोजून डबीत ठेवले.

बोर्ड बाहेर काढल्याबरोबर त्याने त्याला गुण्या लावला. चारही कोपरे लावून बघितले आणि म्हणाला, पहिल्यांदाच काहीतरी सरळ आलंय या दारातून. तुझ्या मालाचं कौतुक समज. खाक्यावर मात्र त्याने विश्वास ठेवला नाही, बोर्ड ठेवूनच भोकं पाडली. मग खाका वर ठेवून बघितला तेव्हा सगळी भोकं जुळली. त्याने खाका घडी घालून नीट ठेवून दिला.

डबा छान झालाय. पाय उंच आहेत. माझं जुनं टेबल त्याच्या शेजारी कळकट दिसायला लागलं म्हणून आता टेबलही करतोय, तारा खाली सोडायला मागे एक खाच ठेवून.

जोडू आम्ही. तू फक्त क्रम लिहून पाठव, आधी काय, मग काय.

तू यायचं म्हणतोस. सध्या नको. घरी पाहुण्यांची ये-जा आहे, जरा गडबड आहे.

पेन्सिल

*

२३ फेब्रुवारी

पेन्सिल,

कारखान्यातली सगळी मिळून जोडणार असाल तर आधी हातावरचा भुसा धुवा.

सगळ्यात आधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक त्रिकोण आहे, बोर्डावरही आहे, ते दोन जुळले की प्रोसेसर आपल्या वजनाने खाली बसतो. दाबायचा नाही. दाबावासा वाटला तर समजायचं, चुकतंय. त्यावर पंखा. पंख्याखाली राखाडी मलम आधीच लावलेलं आहे, त्याला बोट लावू नका. मग रॅम. पट्टीला एक खाच असते, ती मध्याच्या जरा बाजूला आहे, म्हणून उलटी बसतच नाही. कोणती जागा आधी ते बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र आहे. इथे मात्र दाबायचं, दोन्ही टोकांना, टक्‌ आवाज येईपर्यंत. मग बोर्ड डब्यात, पितळी पायांवर, स्क्रू आवळून नाही, नुसते बसतील इतके. मग एसएसडी, मग एसएमपीएसच्या तारा. मोठी तार बोर्डाला, छोटी चौकोनी प्रोसेसरजवळ. ही छोटी सगळे विसरतात आणि मग माझ्या नावाने ओरडतात.

एवढं केलं की बटण.

आता कामाचं नाही असं एक. फोनवर विचारलं असतं तर ओरडून विचारलं असतं, म्हणून बरं झालं कागद आहे. तू लिहिलं होतंस, दुसरी जागा रिकामी ठेव, ती नंतर भरू. हे वाक्य मी गेला दीड महिना खिशात घेऊन फिरतोय. भरू म्हणजे कोण? आपण की आम्ही?

आपण असेल तर मी फॉर्म भरतो. परीक्षा देतो. त्या सरांच्या पुढ्यात बसतो आणि ते विचारतील त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. आई म्हणते माझं डोकं जरा निवलंय. ते का निवलंय हे तिला सांगितलेलं नाही.

आम्ही असेल तर तेही लिही.

फ्यूज

*

१६ मार्च

पेन्सिल,

उत्तर नाही. पार्सलवाल्याने पत्र पोचल्याची सही दाखवली, सही तुझी आहे.

इथे काल एका गिऱ्हाइकाशी वाजलं. त्याला रंगीत दिव्यांचं मशीन हवं होतं आणि एसएमपीएस सगळ्यात स्वस्त. मी म्हटलं, मग आगीच्या बंबाचा नंबरही बिलावर छापून देतो. तो माणूस मालकांचा जुना ओळखीचा निघाला. मालकांनी मला मागच्या खोलीत नेलं, मला वाटलं आता जातंय काम. ते म्हणाले, पत्र आलं नाही तर माणसाने दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये. मी म्हटलं, कसलं पत्र? त्यांनी पेन काढून माझ्या हातात दिलं.

तर लिहितोय. मागचा प्रश्न राहू दे. मशीन चालू झालं का, एवढं तरी कळव. छोटी चौकोनी तार विसरला असाल.

फ्यूज

*

२ एप्रिल

फ्यूज,

छोटी तार विसरलो नव्हतो. मशीन पहिल्याच बटणाला चालू झालं. पंखा इतका शांत आहे की तो फिरतोय की नाही ते बघायला गुण्या जाळीला कागदाचा तुकडा लावतो. पूर्वी एका कपाटाचं चित्र तयार व्हायला लावून मी दुसऱ्या कामाला जायचे, आता समोर बसून राहते. हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. तुझ्या निवडीत एकही वस्तू चुकलेली नाही.

आता मात्र अडलंय. मागच्या आठवड्यात गुण्याने इथल्या दुकानातून रॅमची दुसरी पट्टी आणली, मला न विचारता. रोज जाळी काढून धूळ पुसताना ती रिकामी खाच त्याच्या डोळ्यांत यायची. टक्‌ आवाज येईपर्यंत दाबली. पंखा फिरतो, पडदा काळा. काढून पुन्हा बसवली, तेच. ती काढली की मशीन चालतं. तू वेगळ्या घाण्याबद्दल लिहिलं होतंस ते मला आठवत होतं, पण त्याच्या हातात खोका बघून मी म्हटलं, बसवून बघू.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, आम्ही. गुण्या आणि मी. जानेवारीत आमचं आमच्यात ठरलं होतं, घरी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून तुलाही मी नुसता आमच्याकडचा सुतार म्हणून लिहिलं. फेब्रुवारीतले पाहुणे त्याच्या घरचे होते. लग्न जूनमध्ये आहे.

‘भरू’ लिहिताना आपण की आम्ही असं माझ्या मनात काही आलं नव्हतं. तेवढ्या शब्दात भागतं म्हणून तेवढाच लिहिला. तुझं ‘बरं, नंतर भरू’ वाचलं तेव्हा कळलं की तू वेगळं वाचलंयस. पण तूही तोच शब्द लिहिला होतास. खोडून दुसरं काय लिहायचं ते मला सुचेना, आणि मग खोके येत राहिले.

फॉर्म भर. याच्याशी त्याचा संबंध लावू नकोस.

पेन्सिल

*

९ एप्रिल

नमस्कार.

पत्र मिळालं. अडचण मशीनची नाही, पट्टीची आहे. तिथल्या दुकानातून आणलेली पट्टी काढा. परत घेत असतील तर परत करा. घेत नसतील तर ठेवून द्या, पण या बोर्डावर पहिल्या पट्टीच्या शेजारी ती लावू नका.

सोबत एक पट्टी पाठवली आहे. ती पहिलीच्याच पाकिटातली आहे, त्यामुळे अडणार नाही. वीज बंद करून, तार भिंतीतून काढून मगच बसवा. खाच बघा. दोन्ही टोकांना दाबा. त्यानंतर बटण दाबलं की पडदा थोडा वेळ काळाच राहील. घाबरून पुन्हा बटण दाबू नका. नव्या पट्टीशी जुळवून घ्यायला बोर्डाला तेवढा वेळ लागतो, तो द्या. मग चालेल, आणि आधीपेक्षा चांगलं चालेल, कारण आता दोन वाटा असतील.

जाळी रोज पुसता हे ठीक आहे. पंख्याला पाणी लावू नका. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे हातभर मोकळं सोडा. डबा चांगला झाला असणार. खाक्यापेक्षा बोर्ड ठेवून भोकं पाडली हे बरोबर केलं.

बोर्डावर रॅमच्या दोनच जागा होत्या. दोन्ही आता तुम्ही भरल्या. यापुढे वाढवायचं झालं तर या बोर्डावर जागा नाही, हे लक्षात असू द्या.

पट्टीचं बिल केलेलं नाही. मालकांनी आज पेन देताना काही विचारलं नाही.

फॉर्मचं विचारू नये.

दुकानातून

*

१८ एप्रिल

फ्यूज,

पट्टी बसली. पडदा काळा राहिला, आम्ही हात मागे घेऊन उभे राहिलो, मग उजळला. काल एका बाईंना त्यांच्या नव्या टेबलाचे चार रंग त्यांच्यासमोरच करून दाखवले. त्यांनी पाचवाच निवडला.

इथल्या दुकानदाराने दुसरी पट्टी परत घेतली. डबा भिंतीपासून पुढे ओढला आहे.

तुझ्या आधीच्या पत्रांपैकी एकही गुण्याच्या हातात दिलेलं नव्हतं, जेवढं कामाचं तेवढं मी वाचून दाखवायचे. हे मात्र पट्टीबरोबर त्यानेच उघडलं आणि बसवता बसवता वाचलं. पट्टी बसवून झाल्यावर पुन्हा एकदा वाचलं. त्याला बरं वाटलं. म्हणाला, तू सांगत होतीस तसा काही तापट वाटत नाही हा. कारखान्यात मला कुणी अहो-जाहो करत नाही, आणि हा न बघितलेला माणूस बघ, सगळीकडे तुम्ही, तुम्ही.

मी म्हटलं, दुकानातून सगळ्यांना असंच लिहितात.

पेन्सिल